साहेबांच्या पोराला सायकल शिकवताना

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं आणि भोपाळहून साहेब लोक बदलून येऊ लागले. त्यांतल्याच एका साहेबांचा मुलगा आमच्या गणिताच्या ट्यूशनला यायचा. पांढऱ्या सरकारी गाडीतून उतरायचा, तिच्यातूनच परत जायचा. मी रेल्वेतल्या क्लार्कची पोरगी, अकरावीतली. पुरानी बस्तीतून बाबांची जुनी सायकल हाणत यायची. त्याच्याशी माझं बोलणं व्हायचं काही कारणच नव्हतं.

एका संध्याकाळी कुण्या मंत्र्यासाठी रस्ते अडवले आणि गाडी आलीच नाही. सगळे निघून गेले, हा फाटकाशी एकटाच उभा. मी म्हटलं, "तू साइकिल चला, मैं पीछे बैठती हूँ. तू अपने घर उतर जाना, वहाँ से मैं आगे निकल जाऊँगी."

तो खाली बघत म्हणाला, "मुझे साइकिल नहीं आती."

एवढ्या मोठ्या पोट्ट्याला सायकल येत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यालाच कॅरिअरवर बसवला. साहेबांचं लेकरू दोन्ही पाय वर धरून मागे, आणि मी घामाघूम होत पुढे. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या एका काकूंनी बाजारातून येताना नेमकं पाहिलं. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

"काहून वं, कोणाले बसवून फिरून राहिली होती?" आईनं विचारलं.

"ट्यूशनमधला आहे. त्याले सायकल नाही येत."

बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मंग शिकव न त्याले!"

बाबांनी गमतीत म्हटलं, मी मनावर घेतलं. दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर मी सीट धरून पळायची आणि तो ओरडायचा, "छोड़ना मत!" मग आमच्या घरी नाश्ता. आई मराठीत बोलायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा. एकदा पाटवडीचा रस्सा ओरपत त्यानं आईला विचारलं, "आंटी, पसंद आया, इसको मराठी में क्या बोलते हैं?"

"आवडलं," आईनं सांगून टाकलं.

पुढच्याच रविवारी मैदानावर त्यानं माझ्याकडे गंभीर चेहरा करून पाहिलं आणि म्हणाला, "तू मले आवडलं."

मला इतकं हसू आलं की मी खालीच बसले. "आवडलं नाही रे, आवडली!" मी शिकवत गेले, तो म्हणत गेला. चार-पाचदा म्हणवून घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला ते ऐकतच राहावंसं वाटतंय. मग माझेच कान तापले. "तू पण मले," एवढंच कसंबसं बोलले.

त्या आनंदात गडी सायकलवर बसला, कुणी न धरता सरळ गेला, मी बघतेय का म्हणून मागे वळला आणि लिंबाच्या झाडावर आदळला. मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले. गल्लीत गाडी शिरेना, म्हणून चालत आले. बाबांनी घाईत शर्ट उलटाच घातला. मी दाराआडून बघत होते.

"साइकिल किसने सिखाई?"

"मैंने," मी बाहेर येऊन म्हटलं.

"चलाना सिखाया, रोकना नहीं सिखाया?" साहेब म्हणाले आणि स्वतःच आधी हसले. मग चहा घेतला. पोरगा घरात सगळ्यांना तुले-मले करतो, अशी तक्रार आईकडे केली.

बारावीनंतर तो बाहेरगावी शिकायला गेला. फोन यायचे, मग ते विरळ झाले. कुणी आम्हाला तोडलं नाही. आम्ही मोठे झालो, आणि मला दुसरा कुणी आवडला तेव्हा ते आधी त्यालाच सांगितलं.

माझ्या लग्नाला तो आला. सकाळपासून बाबांसोबत खुर्च्या लावल्या, आणि संध्याकाळी वरातीत नवऱ्याच्या दोस्तांमध्ये घुसून सगळ्यांत जास्त नाचला.

आई म्हणाली, "अवं, हा पोट्टा आपल्याकडचा आहे का त्यायच्याकडचा?"

मी मुंडावळ्या सावरत खिडकीतून बघत होते. "दोन्हीकडचा," मी म्हटलं.