मणियारणीचं नाचाचं पुस्तक

वसमतच्या जुलेखाबीनं तीन पुस्तकं लिहिली आणि तिन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. पहिलं पाखरांवर. दुसरं पऱ्यांवर, पद्यात. त्यात चंद्रावर हळद पिकते आणि पऱ्या ती काढायला रोजानं जातात. तिसरं बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या नाचावर. पऱ्यांना कुणी हरकत घेतली नाही, कारण वसमतमध्ये त्या कुणी पाहिल्या नव्हत्या. नाच मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. पंचाईत तिथं झाली.

जुलेखाबी मणियारीण. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती पार डोंगरकड्यापर्यंतचे तांडे पायी फिरायची. पाखरं तिला वाटेत भेटली, पऱ्या बहुधा दुपारच्या उन्हात. नवरा खाजा मिया म्हणायचा, "लोकांच्या बायका लुगडी जमवतात, आमची कागद." हे तो तक्रारीच्या सुरात सांगे आणि शाई स्वतः आणून देई.

नाचाचं पुस्तक सेहेचाळीस साली लिहून झालं. नांदेडचा एक छापखानेवाला तयार होता. पण नाच तांड्याचा. तांडा हो म्हणेल तेव्हाच छापायचं, ही अट जुलेखाबीनं स्वतःच स्वतःला घातलेली. नाचात पुढं असायची ती जमनाबाई. तिच्यासमोर बसून जुलेखाबीनं सगळं वाचलं. मनगट कसं वळतं, बोटं कशी मिटतात, कोपर कुठं थांबतं. बायका खूश होऊन आपापले हात बघू लागल्या.

"पाय कुठं हाईत?" जमनाबाईनं विचारलं.

जुलेखाबीनं पानं चाळली. पाय नव्हते. उभा जन्म बायकांची मनगटं धरण्यात गेलेला. नजर त्याखाली कधी उतरलीच नव्हती.

"सारा तांडा लंगडा करून ठेवला की वं माय!" बायकांतली जिवनबाई पदरात तोंड घालून हसली.

"लिहिते की. सांगा मला, कसे टाकता पाय?"

"सांगून आलं असतं तर आमी नाचलो काहून असतो?" जमनाबाई म्हणाली. "ऊठ."

"माझं वय बघ, जमना."

"वय न्हाई लागत. पाय लागतात. दोन हाईत न?"

पन्नाशीची, अंगानं भरलेली जुलेखाबी उठली. डोक्यावर टोपली नसतानाही एक हात ती सावरायला वर जाई. त्या दिवशी तांड्यावर जेवढं हसू झालं, तेवढं कुणाच्या लग्नात झालं नसेल.

छापखानेवाल्याचा निरोप आला : पुस्तक द्या, नाहीतर लग्नपत्रिका घेतो. जुलेखाबीनं कळवलं, लग्नं होऊन जाऊ द्या. ती तांड्यावर जात राहिली. रात्री खाजा मिया तिच्या गुडघ्यांना तेल चोळे. "किताब लिहून गुडघे दुखणारी तूच एक," म्हणे.

अठ्ठेचाळीसची होळी रझाकारांच्या धामधुमीत आली; हिंदू-मुसलमानांत कोण कुणाच्या वस्तीवर जातं, याकडे बऱ्याच जणांचं लक्ष होतं. जुलेखाबी गेली. रिंगणात शिरली आणि या वेळी कुणी हसलं नाही. तिच्या ते ध्यानात आलं फेरा संपल्यावर.

महिनाभरानं तिनं पायांचं प्रकरण वाचून दाखवलं. जमनाबाई डोळे मिटून ऐकत होती. जमिनीवर तिची टाच हलत होती. वाचन थांबलं तशी टाच थांबली.

"चांगलं झालं का?" जुलेखाबीनं विचारलं.

"चांगलं मला न्हाई कळत," जमनाबाई म्हणाली. "बराबर झालं. छाप."