दचकीच्या हातातली वाफ

आमच्या धाकटीला सगळे दचकी म्हणतात. नाव मीच ठेवलं, आणि आज त्या नावाचा मला केवढा अभिमान आहे म्हणून सांगू! लहानपणी दाराची कडी वाजली तरी ही टुणकन उडायची. मग आई हातातलं काम टाकून तिला पोटाशी धरायची, थरथर थांबेपर्यंत.

ही पोटात असताना आई जिथं कामाला होती, त्या धुलाईखान्यातला बॉयलर फुटला होता. आई वाचली, पण पुन्हा तिकडे फिरकली नाही.

आणि ही बया मोठी होऊन कुठं नोकरीला लागली? त्याच धुलाईखान्यात! "अगं, डोकं फिरलंय का तुझं?" मी ओरडले.

"ताई, घाबरायचंच आहे, तर निदान पगारी घाबरते," ती म्हणाली.

त्या स्फोटानंतर तिथं एक रीत पडलीय. वाफ सोडणाऱ्यानं आधी "वाफ!" म्हणून ओरडायचं, आणि प्रत्येकानं "ऐकलं!" म्हटल्याशिवाय वाफेची चावी फिरवायची नाही. सुरुवातीला दचकीचं "ऐकलं" रडकं निघायचं. मग तिनं चावीच मागून घेतली. आज अख्खा बॉयलर तिच्या ताब्यात आहे, म्हटलं!

तिला मुलगी झाली, तीही दचकणारी. आम्ही आईलाही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो, स्फोटाचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "जीन्स तीच राहतात, पण त्यांना बटणं असतात. गरोदरपणी आई फार ताणात असली, तर बाळाच्या काही बटणांवर खूण राहू शकते, असं संशोधनात दिसतंय. मग धोक्याची घंटा चटकन वाजते. तुमच्याकडे तसंच झालंय का, हे छातीठोकपणे नाही सांगता येणार. आणि ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. मायेनं, सवयीनं फरक पडतो."

आईनं त्यातलं एवढंच धरलं, की आपली भीती पोरींना लागली. तिनं नातीला उचलणंच सोडलं. पोरगी हात पसरायची, आई हात मागं घ्यायची.

"भीती काय खोकला आहे का लागायला?" मी चिडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दचकीनं पोरगी माझ्या कडेवर दिली, आईचा हात धरला आणि आम्हाला धुलाईखान्यात घेऊन गेली. आई दारातच थांबली. आत ओल्या चादरींचे ढीग, साबणाचा गरम वास आणि कोपऱ्यात नवा बॉयलर.

"इथंच थांब," दचकी म्हणाली. "तू म्हटल्याशिवाय मी चावी फिरवणार नाही."

मग ती ओरडली, "वाफ!"

सगळ्या बायका म्हणाल्या, "ऐकलं!" आई गप्प. दचकी चावीवर हात ठेवून उभी राहिली. कुणीही घाई केली नाही. किती तरी वेळानं आईच्या तोंडून निघालं, "ऐकलं."

फुस्सकन वाफ सुटली. आई दचकली, पोरगी दचकली, मीसुद्धा दचकले.

"मी रोज दचकते, आई," दचकी म्हणाली. "भीती तुझ्याकडून आली असेल, नसेलही. पण दर वेळी पोटाशी धरलंस, ते नक्की तुझ्याकडून आलंय. ते हिला कोण देणार?"

पोरगी रडत हात पसरत होती. आईनं तिला माझ्याकडून जवळजवळ ओढूनच घेतलं, पोटाशी घट्ट धरलं आणि दचकीकडे बघून म्हणाली, "हं, सोड पुन्हा!"