नानांच्या बागेतला कट

मी आयुष्यात एकच पिक्चर दिग्दर्शित केलं, आणि त्यानंतर आमच्या घरात 'कट' हा शब्द उच्चारायला बंदी आली.

बंदी घातली नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. ती इतकी कडक होती की होळीला कटाची आमटी झाली तर अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, 'ती पातळ आमटी वाढ' म्हणायच्या. माझा दीर विजू कटिंगला निघाला की 'डोकं हलकं करून येतो' असं सांगून निघायचा. हे सगळं माझ्यामुळे झालं. खरं म्हणजे एका कादंबरीमुळे झालं, पण कादंबरीला कोण बोलणार?

मी मूळची धुळ्याची. आमच्या घरी शेती फक्त शाळेच्या निबंधात यायची. सत्त्याऐंशी साली लग्न होऊन फैजपूरच्या केळीवाल्या घरात आले, ती ट्रंकेत साड्या कमी आणि कादंबऱ्या जास्त घेऊन. पहिल्याच आठवड्यात अक्कांनी ट्रंक उघडली.

"हे काय वं?"

"कादंबऱ्या."

"मंग वाच ना मोठ्यानं. मले आता डोळ्यायनं अक्षर दिसत नाही, पण कानायनं चांगलं दिसते!"

झालं! त्या दिवसापासून दुपारची भांडी आवरली की ओट्यावर माझं वाचन सुरू. हळूहळू गल्लीतल्या बायका जमू लागल्या. उन्हाळ्यात तर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालता घालता ऐकायच्या. एका रडक्या कादंबरीच्या शेवटी सगळ्यांनी इतकी टिपं गाळली की बिबड्यांत वेगळं मीठ घालायला नको होतं. पुस्तक संपलं की दर वेळी एकच चर्चा: ह्याचं पिक्चर निघालं पाहिजे! मग नायिका कुणी व्हायचं, खलनायक कोण शोभेल, गाणी कुठं घालायची, सगळं तिथल्या तिथं ठरायचं. भुताच्या कादंबरीतल्या भुतासाठी अक्कांनी स्वतःच्या नणंदेचं नाव सुचवलं होतं. (नणंद तेव्हा शेजारीच बसली होती.)

पण सगळ्यांत लाडकी होती ती सरदाराची कादंबरी. (नाव सांगत नाही. लेखक हयात असतील तर आम्ही त्यांच्या पुस्तकाचं काय केलं हे त्यांना कळायला नको.) तीत एक शूर सरदार होता, त्याच्या काकानं रचलेला भयंकर कट होता, आणि घनदाट अरण्यात दरोडेखोरांनी नायिकेला झाडाला बांधून ठेवलं होतं. तो अरण्याचा भाग मी अक्कांना किती वेळा वाचून दाखवला असेल, देव जाणे.

"ह्या पिक्चरवाल्यायले चांगलं पुस्तक दिसतच नाही का?" अक्का चिडून म्हणायच्या. "मी मेल्यावर काढतीन का आता?"

हे वाक्य विजूनं ऐकलं. विजू लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचा. त्या दिवसांत लग्नाच्या तिथी संपल्या होत्या, कॅमेरा कपाटात पडून होता आणि विजू ओट्यावर पडून होता.

"वहिनी," तो उठून बसला, "पिक्चर आपणच काढू! एकच सीन. अरण्याचा. दिग्दर्शन तुमचं."

"आणि अरण्य?"

"नानांची बाग काय कमी आहे?"

खरंच होतं. भरलेल्या केळीबागेत शिरलं की आभाळ दिसत नाही. पण नानांच्या त्या बागेत त्या वर्षी एक घड होता. नुसता घड म्हणणं हा त्याचा अपमान! असा घड नानांनीसुद्धा जन्मात पाहिला नव्हता. ऊन लागू नये, दृष्ट लागू नये म्हणून त्याला अक्कांचं जुनं नऊवारी लुगडं गुंडाळलेलं असायचं. नाना रोज सकाळी लुगडं बाजूला करून त्याची विचारपूस करायचे. (माझी एवढी कधी केली नव्हती, पण ते असो.) दसऱ्यानंतर जळगावला शेतीमालाचं प्रदर्शन भरायचं, तिथं हा घड जाणार होता. कारण मागच्या वर्षी तिथं पहिला नंबर आला होता नानांच्या यावलच्या साडूभाऊंचा. साडूभाऊ त्यावर एक अक्षर बोलले नव्हते. फक्त प्रत्येक लग्नात नाना दिसले की हसायचे. ते हसणं नानांच्या जिव्हारी लागलं होतं.

नानांनी परवानगी दिली, पण बोट वर करून. "करा काय करायचं ते. त्या घडाले हात लागला नाही पाहिजे."

"नाही लागणार, नाना," मी म्हणाले. आणि खरंच सांगते, माझा हात शेवटपर्यंत लागला नाही.

भाद्रपदातल्या एका सकाळी नाना जामनेरला सोयऱ्यांकडे गेले आणि आम्ही बागेत पोचलो. सरदार झाले होते आमचे हे. एरवी यावलच्या कचेरीत कारकून, पण त्या दिवशी डोक्याला फेटा. घोडा म्हणून वरातीची घोडी आणलेली. दरोडेखोरांसाठी सोमा मुकादम आणि त्याची केळी कापणारी टोळी. कोयते त्यांचे स्वतःचेच होते, त्यामुळे वेशभूषेचा प्रश्न आपोआप सुटला. नायिका मीच, कारण दिवसाढवळ्या झाडाला बांधून घ्यायला गल्लीतली एकही बाई तयार होईना. अक्का गल्लीतल्या सगळ्या बायकांना घेऊन बांधावर बसल्या, मांडीवर कादंबरी, शेंगदाण्याची पुडी सोडलेली.

विजूनं कॅमेऱ्यातून पाहिलं आणि नाक मुरडलं. "फ्रेम रिकामी वाटते. वहिनी, तुम्ही त्या मोठ्या घडाशेजारच्या झाडाला बांधून घ्या."

"अरे, पण नाना..."

"हात कुठं लावतोय? फक्त दिसेल. आणि ते लुगडं काढा आधी. दरोडेखोरांच्या अरण्यात नऊवारी वाळत घातलेली कशी दिसेल?"

लुगडं निघालं. मला केळीच्या सोपटाच्या दोरीनं आवळून बांधलं. (दरोडेखोर घाबरत घाबरत बांधत होते, म्हणून मीच 'घट्ट बांधा, खरं वाटलं पाहिजे' असा हुकूम सोडला. हा हुकूम मला नंतर नडला.)

"स्टार्ट!" मी बांधल्या जागेवरून ओरडले.

सोमा मुकादम कोयता परजत पुढं आला. त्याचं वाक्य होतं, 'बघतो तुला कोण सोडवतो ते!' तो माझ्यासमोर आला, अदबीनं वाकला आणि म्हणाला, "वहिनीसाहेब, बघू आता तुमाले कोन सोडवते ते."

"थांबा, थांबा! सोमाभाऊ, दरोडेखोर नायिकेला अहोजाहो करत नाही."

"नानायची सून तुम्ही. मले नाही जमायचं."

"आणि वहिनी," विजू कॅमेऱ्यामागून करवादला, "थांबा काय म्हणता? एसटी थांबवताय का? पिक्चरमध्ये 'कट' म्हणतात. कट!"

मला ते पटलं. दिग्दर्शिकेनं कसं दिग्दर्शिकेसारखं बोलावं. आता धुळ्याच्या पोरीला कुठून माहीत असणार की केळीच्या बागेत त्या शब्दाचा अर्थ काय होतो? कापणीच्या दिवशी व्यापाऱ्याचा माणूस पुढं चालतो, घड बघतो आणि 'कट' म्हणतो. मागच्यानं विचार करायचा नसतो, कापायचं असतं. सोमाच्या टोळीचा जन्म तो एक शब्द ऐकण्यात गेला होता.

"स्टार्ट!"

सोमानं परत वाकून परत 'वहिनीसाहेब' म्हटलं. तिकडून हे घोडीवरून निघाले. पण विजूनं कॅमेऱ्याचा दिवा लावला आणि घोडीला वाटलं, वरात आली! ती जागच्या जागी नाचायला लागली. सरदार दोन्ही हातांनी तिची मान धरून 'ए, ए, ए' करतोय, दरोडेखोर खो खो हसतायत. सगळं मुसळ केरात!

"कट!" मी कडाडले.

सपकन आवाज झाला. माझ्या उजव्या बाजूचा घड खाली. (नानांचा तो डावीकडे होता.)

मला आधी कळलंच नाही. "अहो, काय करताय? कट! कट म्हणतेय ना मी!"

सपकन. सपकन. आणखी दोन घड खाली! टोळी आता कामाला लागली होती. मागचे दोघे खांद्यावर पोतं टाकून घड उचलायलासुद्धा पुढं आले. आणि मी घाबरले की माझं शुद्ध मराठी पळून जातं आणि थेट अहिराणी बाहेर पडते.

"अरे, काय करी राह्यनात! बठ्ठा सत्यानाश! बठ्ठा! कट!"

(बठ्ठा म्हणजे सगळा. हे सोमाला बरोब्बर कळलं.)

"आयकलं का रे!" तो टोळीला म्हणाला. "बठ्ठा म्हन्ते वहिनी! बठ्ठा कट!"

मग काय विचारता! रांगच्या रांग कोसळू लागली. मी दोरीत अडकलेली, मला हलता येईना. हे घोडीवर, त्यांना उतरता येईना. विजू कॅमेऱ्याला डोळा लावून, त्याला वाटलं सीन रंगतोय. आणि बांधावरून अक्का, अक्षर दिसत नसतानाही, कादंबरीची पानं भराभरा उलटत ओरडत होत्या, "सूनबाई! हे कोन्या पानावर हाये वं? हे पुस्तकात नव्हतं!"

शेवटी सोमा माझ्याशेजारच्या त्या घडापुढं येऊन उभा राहिला. कोयता उचललेला. तिथं मात्र तो थबकला. घड कुणाचा हे त्याला ठाऊक होतं.

"वहिनीसाहेब, हा बी?"

एक 'नाही' म्हटलं असतं तर सगळं वाचलं असतं. पण माझ्या तोंडाला तोवर त्या एकाच शब्दाची सवय झाली होती. मी जीव खाऊन किंचाळले, "कट!"

सपकन.

संध्याकाळच्या गाडीनं नाना आले. त्यांना कोणी सांगायचं यावर घरात बराच वेळ 'तू जा, तू जा' झालं. शेवटी ह्यांना पुढं ढकललं. हे भीतीनं पार गार पडले होते.

"नाना," हे म्हणाले, "बागेत... कट झाला."

नाना ताडकन उठले. "मले माहीतच व्हतं! यावलवाल्याचा कट ना? साडूचा?" आणि त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली.

"नाही नाना. तुमच्या सूनबाईचा."

नाना बागेत गेले. मागोमाग मी. ते त्या घडाशेजारी मातीत बसले आणि त्यावरून हात फिरवत राहिले. प्रदर्शनाला अजून अवकाश होता, तोवर तो टिकणार नव्हता. मला रडू आवरेना. ह्या माणसानं वर्षभर लेकरासारखं जपलं, आणि मी एका सकाळीत वाट लावली.

"नाना, चुकलं माझं."

ते खाली बघतच म्हणाले, "भरला व्हता ना वं चांगला?"

"हो नाना. फार चांगला भरला होता."

"मंग झालं," ते म्हणाले, उठले, आणि घरी येऊन त्यांनी ती बंदी घातली.

पुढं घड पिकले. सकाळी शिकरण, दुपारी शिकरण, ओट्यावर वाचनाला येणाऱ्या प्रत्येक बाईच्या ओटीत केळ्यांची फणी. प्रदर्शनाला नाना गेलेच नाहीत. साडूभाऊंचा नंबर पुन्हा आला, आणि दिवाळीत ते मुद्दाम फैजपूरला आले. हसायला.

नेमकं त्याच दिवशी विजूनं कॅसेट तयार करून आणली. भाड्याचा टीव्ही आला, गल्ली जमली. विजूला आयुष्यभर लग्नांच्याच कॅसेटी बनवायची सवय. त्यामुळे आमच्या पिक्चरला सुरुवातीपासून सनई होती, आणि लग्नात जसा नवरीचा चेहरा मोठा करून दाखवतात, तसा त्यानं तो घड दाखवला होता. वरून खाली, खालून वर, मग फुलांच्या चौकटीत, मग बदामात! तो कोसळला तेव्हा तर पाठवणीची धून लावली होती. अक्कांनी पदर डोळ्याला लावला. आजवर इतक्या कादंबऱ्या ऐकल्या, पण इतकं कधी रडल्या नव्हत्या.

साडूभाऊंचं हसू कधीच गेलं होतं. ते टीव्हीच्या अगदी जवळ सरकले.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "हा घड तुमचा? हा आला असता तर माह्या घडाकडं कोनी पाह्यलंबी नसतं."

नाना सावरून बसले. "विजू, मागं घे. परत लाव."

परत लावली. मग परत. त्या दिवाळीत येईल त्या पाहुण्याला ती कॅसेट दाखवली गेली. घड प्रदर्शनात गेला नाही, पण त्याचं प्रदर्शन मात्र महिनाभर आमच्या बैठकीत चाललं. आणि मी दारामागून ऐकत राहायचे, की माझ्या पिक्चरबद्दल नाना एखादा तरी चांगला शब्द बोलतात का.

एक दिवस बोलले. पाहुणे गेल्यावर त्यांनी विजूला हाक मारली.

"पिक्चर झकास हाये," नाना म्हणाले. मी दारामागं मोहरले. "फकस्त ते घडाच्या शेजारी झाडाले बांधेल बाई हाये ना, सारखी वरडते ते?"

"वहिनी?"

"कोनीबी असो. तेवढी कट कर."