बाल्कनीची जाळी

आखातातल्या अल मनखूल भागात मी वास्तुविशारद म्हणून उभारलेली इमारत पाडली जात असताना सिमेंटच्या धुळीचा वास आला आणि आमचं जुनं जेवणाचं टेबल आठवलं. माझी बायको सुधा त्यावर याच इमारतीच्या बाल्कन्यांची जाळी रेखाटत होती. मी शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन वास्तुविशारदाचं चरित्र वाचून दाखवत होतो. त्याची कीर्ती झाली ती त्याच्या बायकोनं काढलेल्या चित्रांमुळे.

"तिचं नाव कुठे लागलं का हो, साहेब?" सुधानं विचारलं.

"यल्ला, चल लवकर, उद्या ड्रॉइंग द्यायचंय," म्हणत मी तिच्या कागदाच्या कोपऱ्यात माझी सही केली. ती हसून पेन्सिलीला टोक करू लागली.

त्या जाळीसाठी लोक मला नावाजत राहिले. सुधा आता नाही. आज मी नातीला सांगितलं, "ती जाळी आजीची होती."

ढिगाऱ्याकडे बघत ती म्हणाली, "व्हिच वन, आजोबा?"