मळहात

मिस्त्रीमामांचा कशावरच विश्वास नव्हता. चहात साखर आहे म्हटलं तरी ते चमच्यानं तळ ढवळून पाहत. पालमच्या बसस्टँडमागे त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आणि त्याला लागून आमचं घर. दहावीत मला गणितात पैकीच्या पैकी मिळाले, तेव्हा पेढा हातात धरून मामा म्हणाले, "पेपर तपासणारा घाईत होता का, माय?"

जळालेली मोटार नव्या तारेनं भरली की मामा ती चालू करत, मीटरकडे पाठ करून बसत आणि अर्ध्या तासानं तिच्या अंगाला मळहात, म्हणजे हाताची मागची बाजू, लावत. तळहात कधीच नाही, कारण करंट असला तर बोटं आवळून धरतात. "मीटर खोटं बोलंल, ताप न्हाई बोलणार," म्हणत. खोळंबलेली गिऱ्हाइकं करवादायची. मामांना त्या घाईचाही संशय यायचा.

पुढे मी बंगळुरूला उपग्रहांच्या कामाला लागले. माझ्याकडे सिग्नलला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर होता. वरून येणाऱ्या मिलिमीटर लहरी वाटेतला पाऊस खाऊन टाकतो, म्हणून त्या निघतानाच जोरकस हव्यात. एका चिपला ते झेपत नाही. आम्ही सोळा चिपांची ताकद एकत्र केली. तीन वर्षांनी मीटरवर हवा तो आकडा आला. मी नाचतच पालमला आले.

"तापायलंय का?" मामांनी विचारलं.

"थोडं. बरीचशी वीज सिग्नल होऊन बाहेर पडते ना."

"एवढी बाहेर जायलीय, तर अंग कशानं तापायलंय? हात लावलास?"

"मामा, तिथं तापमापक असतात."

"वर बिघडलं तर कोण जाणार हाय?"

मला असा राग आला की चहा न घेताच उठले. पण शंका डोक्यात शिरली ती शिरलीच. परत गेल्यावर मी चालू यंत्राला मळहात लावला आणि झटकन काढला. तापमापकही तेच सांगत होते. आकड्याच्या आनंदात कुणी तिकडे बघितलं नव्हतं. मीटर जळू नये म्हणून सिग्नल आधी ठराविक पटीनं कमी करतात आणि मीटरवरचा आकडा त्याच पटीनं वाढवून धरतात. ती पटच आम्ही चुकीची धरली होती. बाहेर निम्मीच ताकद जात होती, उरलेली यंत्राला आतून भाजत होती. वर गेल्यावर ते फार दिवस टिकलं नसतं.

वर्षभर खपून ते नीट केलं आणि मामांना सांगायला गेले. भरदुपारी ते दुकानातच खाटेवर पडले होते.

"हात लावलास?"

"लावला."

"मंग जाऊ दे वर."

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. तो आलाच नाही. मामांनी एका उत्तरावर विश्वास ठेवला, तेव्हा मला त्यांचाच संशय आला. त्यांच्या कपाळाला मळहात लावला. कपाळ नुसतं भाजत होतं.

"घरी कुणाला सांगितलं न्हाई," मामा हसले. "तुला कळतंय का बघत होतो."

परभणीच्या दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

उपग्रहावरून पहिला आकडा आला, तो हवा तसाच होता. सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले. मला मामांची फार आठवण आली. मी बसूनच राहिले आणि आधी ताप विचारला.