राणी सांडणीचं वाक्य

त्या सकाळी धुकं असं दाटलं होतं की गच्चीवरच्या दोरीचं एक टोक दिसत होतं आणि दुसरं आहे असं मानून चालायचं होतं. उसासेबाई मानून चालल्या. चादर पिळली, झटकली, दोरीवर टाकली, आणि हे सगळं करताना तोंडातली कोमट मिठाच्या पाण्याची गुळणी चालूच ठेवली. धुणं आणि गुळण्या त्या एकदमच उरकायच्या. त्यामुळे सकाळच्या वेळी त्यांना काही विचारलं की उत्तर यायचं ते नुसतं 'गुर्र'. घरच्यांना ते बरोबर कळायचं.

उसासेबाई हे नाव स्टुडिओतलं. परक्या भाषांतल्या कार्टून सिनेमांना त्या आपल्या भाषेत आवाज द्यायच्या, आणि त्यांच्या वाट्याला कायम आया यायच्या. सशाची आई, माशाची आई, राजकन्येची आई. आता कार्टूनमधल्या आईला काम ते काय? एक तर ती पहिल्या गाण्याआधीच मरते. जगली-वाचलीच, तर नवऱ्याच्या मागे उभी राहून उसासे टाकते. बाईंनी मरणंही पुष्कळ केली, पण उसाशात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. काळजीचा उसासा, कौतुकाचा उसासा, 'पोरगं ऐकत नाही'चा, 'यांच्यापुढे कोण बोलणार'चा. या शेवटच्याचा तर त्यांना सरावही करावा लागत नसे.

जिन्यावर धपधप पावलं वाजली आणि एकच मोजा घातलेली नात धुक्यातून उगवली.

"आजी! मी सगळ्यांना सांगून टाकलं!"

"गुर्र?"

"की उंटांच्या सिनेमातली राणी म्हणजे माझी आजी! पाळकसाहेब आमच्या संडे स्कूलला तोच सिनेमा दाखवणारेत, चर्चच्या हॉलमध्ये. सगळे येणार. पण आजी, त्या जाहिरातीतला आवाज बिघडलाय गं. राणीचं तोंड हलतंय, हलतंय, आणि ऐकू काहीच येत नाही. तू बोलली आहेस ना नीट?"

उसासेबाईंनी गुळणी गिळली.

आवाज कुठला बिघडायला! राणी सांडणी सिनेमाभर रवंथ करत होती. राजाशेजारी उभं राहायचं आणि चघळायचं, एवढाच तिचा जन्म. बोलायचं म्हणाल तर तिच्या वाट्याला काही उसासे, एक हुंदका आणि एक शब्द होता: "अहो." तोही राजानं ऐकलाच नाही.

"तो आवाज... होईल नीट," बाई म्हणाल्या. बोलून गेल्या खऱ्या, पण चिमटा चादरीला लावायचा तो पदरालाच लावून बसल्या.

खाली टेबलावर घड्याळजी, म्हणजे बाईंचे यजमान, हात जोडून तयार होते. ते घड्याळं दुरुस्त करायचे, आणि घरातली प्रार्थना ही त्यांच्याकडची किल्ली होती. दुसऱ्या कोणी फिरवायची नाही. ती लांबायची. चहावर साय धरायची, तरी लांबायची. आज तर ती हरवलेल्या लेकरांवर आली, म्हणजे आता घरचीच गोष्ट येणार हे बाईंनी ओळखलं.

ती गोष्ट अख्ख्या चर्चला पाठ होती. यांची मुलगी तरुणपणी गाणाऱ्या टोळीबरोबर निघाली, तेव्हा घड्याळजी गरजले होते, "गेलीस तर या दाराला तुझी ओळख उरणार नाही!" ती गेली. काही वर्षांनी एका सकाळी ते उठून पाहतात तर मुलगी स्वयंपाकघरात बाकावर झोपलेली, कुशीत शालीत गुंडाळलेलं तान्हं. घड्याळजी धाय मोकलून रडले आणि दोघींना पोटाशी धरलं. तेव्हापासून ते चर्चमध्ये उभे राहून साक्ष द्यायचे, "कडी मी स्वतः लावली होती, बंधूंनो. पक्की आठवते. प्रभूनंच ती काढली, आणि माझं मनही उघडलं!" सगळे 'आमेन' म्हणायचे. मागच्या बाकावरून एक उसासा यायचा. मुलगी आता बेकरीत पहाटपाळी करायची, आणि ते तान्हं एक मोजा घालून घरभर धावत होतं.

"आमेन," घड्याळजी म्हणाले. बाईंनी साय काढून टाकली आणि कामाला निघाल्या.

स्टुडिओ चपलांच्या दुकानाखालच्या तळघरात होता. वर कोणी नवे बूट घालून चालून पाहिलं की खाली रेकॉर्डिंग थांबायचं. दिग्दर्शक काटकुळा दाढीवाला, यंत्रापुढे बसून सदा बिस्किटं खाणारा. आणि माइकपुढे राजेसाहेब. गावातल्या पडद्यावरचे यच्चयावत बाप यांच्याच गळ्यातून निघायचे: राजे, आजोबा, ढगातून येणारी आकाशवाणीसुद्धा. आत्ता मात्र ते फोनवर होते.

"हो गं. बटाटे. नाही विसरत गं. मोड आलेले नाही आणत गं..."

"काय राजे," बाई म्हणाल्या. "राज्यात बटाटे संपले वाटतं?"

"बाई, तुम्ही आपला उसासा टाका."

सिनेमा होता उंटांच्या राजाचा. धाकटा राजपुत्र आपल्या वाटणीचं पाणी घेऊन शहरात जातो, सगळं उधळतो, आणि घरी परतायच्या वाटेवर कळपाला वाचवायला वादळापुढे उभा राहून वाळूत गाडला जातो. पहाटे उजेड फुटतो आणि तो वाळू झटकत उठतो. मग बाप धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो. चर्चमध्ये लहानपणापासून ऐकलेलं सगळं, उधळ्या मुलाची आणि बापानं त्याला दिलेल्या मेजवानीची गोष्ट धरून, त्यात होतं, फक्त पाठीवर कुबड होतं. बाईंना ते आवडायचं. बाप धावायला लागला की दर वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण एक खडा लहानपणापासून दाताखाली येत होता. संडे स्कूलमध्ये त्यांनी विचारलंही होतं, "बाप धावत गेला, पण मग आई कुठे होती?" शिकवणारीनं सांगितलं, "असेल घरात." "म्हणजे ती मेजवानी तिनंच रांधली का?" यावर त्यांना कोपऱ्यात उभं केलं होतं.

"एक वाक्य दे रे मला," त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या.

"मावशी, मुळातच नाही तर कुठून देऊ? कंपनीचा माणूस शब्द न् शब्द तपासतो."

"तोंड हलतंय की तिचं!"

"अहो, ती रवंथ आहे!"

"आमचीही इतकी वर्षं तीच चाललीय. नात माझी सगळ्यांना सांगून बसलीय रे, आजी राणी आहे म्हणून. पोरं हसतील तिला."

दिग्दर्शकाचं तोंड एवढंसं झालं. "माझ्या हातात असतं तर दिलं असतं हो, मावशी," म्हणून त्यानं बिस्किटाचा पुडा पुढे केला. बाईंनी एक घेतलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसल्या.

शेवटचा प्रसंग लागला. राजेसाहेबांनी छाती भरून घेतली आणि बापाची माफी ओतली. आपल्या भाषेत ती जरा ऐसपैस झाली होती. पडद्यावर राजानं लेकाच्या मानेत तोंड खुपसलं, चित्र सरकून राणीवर आलं, तरी राजेसाहेबांचं एक वाक्य उरलंच होतं. चघळणाऱ्या राणीच्या तोंडातून घोगरा मर्दानी आवाज निघाला, "तू गेलास त्या दिवसापासून या घराचं दार उघडंच होतं!"

दिग्दर्शकाला बिस्किटाचा ठसका लागला. राजेसाहेब स्वतःच खो-खो हसले. मग पुन्हा घेतलं, भराभर. राजा लिलाव पुकारणाऱ्यासारखा वाटला. पुन्हा घेतलं, आणखी भराभर. राजेसाहेबांना धाप लागली, वर कोणीतरी बूट घालून नाचलं, आणि त्यात फोन वाजला.

"कापून टाकू ते वाक्य," दिग्दर्शक म्हणाला.

"आणि माफी अर्धवट ठेवू?" राजेसाहेब फोन दाबत म्हणाले. "तोंड तिचं दिसतंय ना? मग देऊन टाक बाईंना. मंडई बंद व्हायच्या आत मला सोड बाबा."

दिग्दर्शकानं दाढी खाजवली. बाई केव्हाच माइकपुढे पोचल्या होत्या. लाल दिवा लागला, राणीनं जबडा हलवला, आणि बाईंच्या तोंडून सवयीनं निघाला तो उसासा.

"मावशी, वाक्य!"

"हो रे, ते जरा अडकलंय."

दुसऱ्या खेपेला निघालं. "तू गेलास त्या दिवसापासून या घराचं दार उघडंच होतं." बायकी आवाजात ते सरळ बसलं. पण राणीचं चघळणं अजून संपलं नव्हतं. तोंड रिकामंच हलत होतं. बाई तिच्याकडे बघत राहिल्या, आणि हळूच म्हणाल्या, "कडी मी काढून ठेवायचे."

जबडा नेमका तिथे मिटला.

काचेपलीकडे बिस्किटाचा पुडा बाजूला झाला. मग दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, उंटांच्या दाराला कडी कुठली?"

"दार आहे म्हणजे कडी असणारच."

"हे लिहिलेलं नाहीये."

"पण बसलंय बघ कसं," राजेसाहेब म्हणाले. का कोण जाणे, ते बटाटे विसरून तिथेच उभे होते.

"पाठवतो," दिग्दर्शक म्हणाला. "ठेवायचं की कापायचं, ते कंपनी बघेल. मला विचारू नका."

कंपनीकडून काही कळलं नाही. बाईंनीही घरी अवाक्षर काढलं नाही. सिनेमाच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये बाकं मांडली, भिंतीवर पांढरं कापड ताणलं, आणि बाई नातीच्या एका बाजूला बसल्या. दुसऱ्या बाजूला घड्याळजी, मुलगी बेकरीतून धावत आलेली, केसांत पीठ तसंच.

उंट आले, गाणी झाली. राणी चघळत राहिली. तिचं "अहो" येऊन गेलं, तेव्हा मागच्या बाकावरून एक पोरगी कुजबुजली, "एवढीच? तुझी राणी मुकीच आहे की!"

"थांब ना जरा!" नात म्हणाली, पण तिचा हात आजीच्या हातात घट्ट रुतला. बाईंना वाटलं, आता पोरीला घेऊन सरळ उठावं.

वादळ झालं. पहाट झाली. बाप धावला, आणि घड्याळजींनी शिरस्त्याप्रमाणे डोळे पुसायला चष्मा काढला. राजेसाहेबांचा आवाज हॉलभर घुमला, चित्र सरकलं, राणीनं तोंड हलवलं.

"तू गेलास त्या दिवसापासून या घराचं दार उघडंच होतं. कडी मी काढून ठेवायचे."

नात बाकावर उभी राहिली. "बघा! आवाज दुरुस्त झाला! ही माझी आजी!" मागची पोरगी वाकून वाकून आजीकडे बघायला लागली. मुलगी पीठभरल्या केसांनिशी आईच्या खांद्यावर टेकली. घड्याळजींच्या हातातला चष्मा हातातच राहिला.

बाहेर पडताना पाळकसाहेब म्हणाले, "बाई, पुढच्या रविवारी मी कडीवरच बोलावं म्हणतो."

"बोला की," बाई म्हणाल्या. "पण थोडक्यात बोला."

घरी येऊन घड्याळजी जेवायला बसले, हात जोडले, डोळे मिटले, आणि पुढे काहीच येईना. सूप वाफाळत राहिलं. शेवटी एक डोळा उघडून ते म्हणाले, "अगं, आज तू म्हण."

मुलगी आणि नात, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाईंनी हात जोडले. "प्रभू, आहे त्याबद्दल आभार. बाहेर असतील ते सुखरूप घरी येवोत. आणि सूप गार होतंय. आमेन."

"संपली?" नात म्हणाली. "आजी, रोज तूच म्हणत जा!"

जेवणं झाल्यावर बाई गच्चीवर गेल्या. सकाळचं धुणं धुक्यानं अजून ओलसरच होतं. मागून जिन्यावर पावलं वाजली. घड्याळजी गच्चीवर कधी यायचे नाहीत. आले, आणि दोरीपाशी घुटमळत उभे राहिले.

"म्हणजे कडी..."

"हं."

"रोज काढायचीस?"

"तुम्ही घोरायला लागलात की."

"आणि मी इतकी वर्षं चर्चमध्ये सांगतोय, प्रभूनं काढली म्हणून!"

"त्यानंच सांगितलं असेल हो. पण थंडीत उठून यायचे मी."

घड्याळजींनी दोरीवरचा एक चिमटा उगाच उघडमीट केला. मग हळूच हसले. "आता साक्ष बदलावी लागणार."

"बदला सावकाश," उसासेबाई चिमटे काढत म्हणाल्या. "आधी त्या चादरीचं ते टोक धरा. आणि नीट ताणा, भिजल्यासारखे उभे राहू नका."