दोन बोटं जागा

गिऱ्हाईक कुणीही असो, सेनगावचे तात्या टेलर त्याला नवा कपडा घालून आधी उकिडवं बसायला लावत. "उभा माणूस पोट आत घेऊन खोटं बोलतो. बसला की खरा होतो," असं त्यांचं म्हणणं. नवरदेवालाही सूट नव्हती. पँटची शिवण टिकली तरच तात्या त्याला लग्नाला जाऊ देत.

नववीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. तेव्हापासून काज-बटणं करत तात्यांपाशी बसलो. प्रत्येक कपड्यात दोन बोटं जागा जास्तीची ठेवायची, ही त्यांची दुसरी सवय. "माणूस वाढतो, कापड वाढत न्हाई." आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी नीट पाठ केली आणि तीच मला बुडवायला निघाली.

कारण पुढं मी कोकणात कामाला लागलो. समुद्रात बुडी मारायला येणाऱ्या पाहुण्यांना वेटसूट चढवायचे. वेटसूट म्हणजे पाण्यात ऊब राहावी म्हणून घालायचा, रबरासारखा, अंगाला चिकटून बसणारा पोशाख. 'टेलरकडं होतो' एवढ्या भांडवलावर मला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी मी चार पाहुण्यांना वाढत्या अंगाचे सूट दिले आणि स्वतः सगळ्यात ढगळ घेतला. पाण्यात उतरताच गळ्यातून समुद्र आत आला. पाचही जण पखालीसारखे फुगून, कुडकुडत बाहेर आलो. मालकीणबाई म्हणाल्या, "उद्या एक दिवस बघते. नाहीतर गावाकडची गाडी धर."

गावाकडं कोणत्या तोंडानं जाणार? निघताना अर्ध्या सेनगावाला हात हलवून आलो होतो. तात्यांना फोन लावला आणि सगळं त्यांच्यावरच ढकललं.

"तात्या, तुमच्या दोन बोटांपायी माझी नोकरी जाऊन राहिली."

ते रागावले नाहीत. "ते रबर वढलं की लांबतं का?"

"व्हय."

"मंग काहून जागा सोडली, लेका? कापड लांबत न्हाई म्हणून मी सोडतो. माझी दोन बोटं घेऊन गेलास, डोकं इथंच ठेवलंस." वर म्हणाले, "पण उकिडवं बसव. ते सोडू नको."

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला तंग सूट चढवला, उकिडवं बसवलं, हात वर करायला लावले. कंबरेमागं फुगा आला की एक नंबर लहान, गळ्याशी श्वास अडला की एक नंबर मोठा. कुणी कुडकुडलं नाही. मालकीणबाईंनी विचारलं, "हे कुठं शिकलास?" म्हणालो, सेनगावला. तिथं समुद्र आहे, असं त्यांना बहुतेक अजून वाटतं.

एकदा सुट्टीत एक फाटका सूट तात्यांना दाखवायला नेला. चष्मा कपाळावर सरकवून ते शिवण बघत राहिले. "सुई आरपार गेलीच न्हाई. पाण्याला भोकच ठेवलं न्हाई बदमाशांनी!" मग दार लोटून स्वतःच चढवला, तोही पाठीवरची चेन पुढं घेऊन. सवयीनं उकिडवे बसले, ते उठेनात. मी आणि शेजारच्या चहावाल्यानं ओढून सोलून काढले. घामाघूम होऊन म्हणाले, "माप बराबर हाय."

या हिवाळ्यात तात्या गेले. रेल्वे, एसटी, जीप करत मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, एक शर्ट हातात दिला. माझ्यासाठी शिवून ठेवलेला. तिथंच घातला आणि उकिडवा बसलो.

दोन बोटं ढगळ होता. मी एकतीस वर्षांचा आहे. मी अजून वाढेन असं वाटणारा तेवढा एकच माणूस होता.